पावसात फोनचा चार्जिंग पोर्ट भिजला तर काय करायचं

दादरला उतरून पूल ओलांडेपर्यंत बॅग भिजते आणि ऑफिसात केबल लावली की फोन सांगतो पोर्टमध्ये ओलावा आहे. तो मेसेज बंद करून पुढे जाऊ नका, केबल दोन्ही टोकांनी काढा, कारण ओल्या पिनांमधून करंट गेला की त्या गंजतात आणि मग केबल नवीन आणली तरी चार्जिंग अडखळतंच. पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलका आपटा, अर्धा तास पंख्यासमोर ठेवा, पूर्ण सुकायला कधी अख्खा दिवस पण लागतो.

तांदळात मात्र प्लीज घालू नका, घरचे कितीही म्हणोत, बारीक कण आत जातात, अ‍ॅपलनेही हेच सांगितलंय. हेअर ड्रायर, कापूस, टाचणी पण नको. घाई असेल आणि वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून पॅडवर ठेवा, चालतं.

आणि फोनच्या आयपी ६८ वर, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या रेटिंगवर, फार विसंबू नका, त्याची टेस्ट गोड्या पाण्यातली असते, मरीन ड्राइव्हला लाट अंगावर आली तर फोन आधी साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग सुकवा. बॅगेत झिपवाली पिशवी ठेवाच.