वेटेड ॲव्हरेजला प्रोसेस कॉस्टिंग जुळत नव्हतं, शेवटी असं जुळलं (माझा अनुभव)

बेळगावात उद्यमबागेत मशीनिंगचं कॉस्टिंग बघतो मी. प्रोसेस कॉस्टिंग म्हणजे महिन्याचा खर्च तयार आणि अर्धवट नगांवर वाटणं, आणि वेटेड ॲव्हरेजमध्ये मागचा व चालू खर्च एकत्र करून सरासरी दर काढतात. महिन्याचा हिशोब घातला की खर्च ३,०२,००० आणि वाटप मात्र ३,६५,६००, म्हणजे ६३,६०० जास्तच. एक्सेलचे फॉर्म्युले तपासले, क्लोजिंगचे (महिनाअखेर अर्धवट राहिलेले) नग परत मोजले, तरी फरक तोच. दोन रात्री नुसतं डोकं उठलं.

चूक ही होती की ओपनिंगचा (महिन्याच्या सुरुवातीला अर्धवट असलेल्या नगांचा) खर्च मी धरत होतो पण ओपनिंगच्या ४०० नगांवर मागच्या महिन्यात झालेलं काम (मटेरियल पूर्ण, मशीनिंग निम्मं) युनिटमधून वजा करत होतो, ते फिफोत (आधी आलेला माल आधी संपला असं धरणाऱ्या पद्धतीत) करतात, वेटेड ॲव्हरेजमध्ये नाही.

आधी नग जुळवा: ओपनिंग ४०० + नवीन १,६०० = तयार १,५०० + क्लोजिंग ५००. मग समतुल्य युनिट (झालेलं काम किती पूर्ण नगांइतकं ते) काढा, कास्टिंग (कच्चा ओतीव भाग) सुरुवातीलाच येतं म्हणून मटेरियलचे २,०००, आणि कन्व्हर्जनचे (म्हणजे मशीनिंगचे) १,५०० + ५०० चे ४०% (क्लोजिंगचं मशीनिंग तेवढंच झालेलं) = १,७००. ओपनिंग किती टक्के झालेलं ते इथं बघायचंच नाही. आता ओपनिंगचा आणि चालू महिन्याचा खर्च एकत्र करून भागा, मटेरियल २,००,००० ÷ २,००० = १०० रुपये, कन्व्हर्जन १,०२,००० ÷ १,७०० = ६० रुपये. तयार माल १,५०० × १६० = २,४०,०००, क्लोजिंग ५०० × १०० + २०० × ६० = ६२,०००. बेरीज बरोब्बर ३,०२,०००! (यात स्क्रॅप धरलेला नाही.)