तापमानवाढीच्या वादात स्रोत कसा पारखावा

पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापूरकर आवईवर विसंबत नाहीत. ‘राजाराम बंधाऱ्याला पाणी किती?’ असे विचारून ते ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांच्याशी आकडा ताडून पाहतात. जागतिक तापमानवाढीवर वाद घालतानाही हीच सवय ठेवावी. समोरच्याच्या हेतूवर बोलण्याआधी आकडा कुठे मोजला गेला आणि कोणी तपासला, हे विचारावे.

रंकाळ्याच्या कठड्यावर बसल्या बसल्या एखादे काका ‘३१ हजार शास्त्रज्ञांना तापमानवाढ मान्य नाही’ असा संदेश दाखवतील. त्यांना खोटे ठरवू नये. तो आकडा १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ओरेगॉन याचिकेवरील सह्यांचा आहे, त्यासाठी विज्ञानशाखेची पदवी पुरेशी होती आणि सही करणाऱ्यांत हवामानशास्त्राचे अभ्यासक फार थोडे होते, हे शांतपणे सांगावे. सह्या म्हणजे मोजमाप नव्हे. मोजमाप हवे असेल तर हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेचे द्यावे: १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी तेथे नोंदी सुरू केल्या, तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे उष्णता अडकवून ठेवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत.

‘आयपीसीसीसुद्धा चुकली होती’ हा, हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेवरचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्यच करावा. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील, असे तिच्या २००७ च्या अहवालात छापले गेले; त्याला तपासलेल्या संशोधनाचा आधार नव्हता. शास्त्रज्ञांनीच ही चूक दाखवली आणि २०१० मध्ये संस्थेने ती जाहीरपणे कबूल केली. माझ्या मते स्रोताची खरी परीक्षा येथेच होते.

‘पैसा कोणाचा?’ हा प्रश्न रास्त असला तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये. तापमानाच्या जुन्या नोंदींवर शंका घेणारे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांच्या बर्कले प्रकल्पाला तेल-उद्योगातील कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानचेही अर्थसाहाय्य होते, तरीही फेरतपासणीनंतर तापमानवाढ खरी असून ती जवळजवळ पूर्णतः मानवनिर्मित असल्याचे त्यांनी २०१२ मध्ये लिहिले.

आपल्या बाजूची अतिशयोक्तीही आपणच रोखावी. २०१९ चा महापूर केवळ तापमानवाढीने आला, असे अभ्यासाशिवाय ठोकून दिले की पुढचे खरे आकडेही कोणी ऐकत नाही. त्यापेक्षा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला, १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे नोंदवणारा २०२० चा अहवाल मोबाइलवर उघडावा, तो काकांच्या हातात द्यावा आणि तापमानाचे प्रकरण त्यांना स्वतः वाचू द्यावे.