व्हीलॅन टाकलं आणि नेट गेलं? रीसेट मारायच्या आधी हे बघा

समजा छोटं ऑफिस आहे, आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच. पोर्ट १ ला राउटर, २ ला वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, ३ ला एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा बॉक्स), ४ ला एक कॅमेरा, बाकी पोर्टला पीसी. त्यावर व्हीलॅन केले, म्हणजे एकाच स्विचमध्ये नंबर देऊन वेगळी केलेली नेटवर्क: स्टाफला व्हीलॅन १०, गेस्टला २०, कॅमेऱ्यांना ३०. सगळं वेब पेजवर भरलं, अप्लाय मारलं आणि कॅमेरे गायब, गेस्ट वायफाय आयपी शोधत गोल गोल फिरतंय. मग लोक काय करतात, राउटर बंद-चालू, स्विच बंद-चालू आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. रीसेट तर अजिबात नको, कारण नेमकं काय चुकलं होतं तेच पुसलं जातं आणि परत तीच सेटिंग भरून तुम्ही परत तिथेच येता.

पहिलं काम, घोळ स्विचमध्ये आहे की डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटणारी सोय) ते वेगळं करा. कॅमेरा काढा, पोर्ट ४ मध्ये लॅपटॉप लावा. आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर अर्थ एवढाच की डीएचसीपीचं उत्तर आलं नाही, का आलं नाही ते त्यातून कळत नाही. म्हणून हाताने आयपी टाका, १९२.१६८.३०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि राउटरच्या १९२.१६८.३०.१ ला पिंग मारा (उत्तर येतं का ते बघणारी कमांड). लागलं तर स्विचचं काम नीट चाललंय, राउटरवर त्या व्हीलॅनचा डीएचसीपी पूलच बनवलेला नाही किंवा चुकीच्या इंटरफेसवर आहे. पिंग नाही लागलं तरी लगेच हार मानू नका, कमांड विंडोत 'एआरपी -ए' (arp -a) मारून बघा. तिथे राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) आलेला असेल तर फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, जाऊन-येऊन आहेत, अडवतोय तो बहुतेक राउटरचा फायरवॉल. मॅकही नाही आला तरच स्विचच्या सेटिंगमध्ये शिरा.

आणि हो, राउटरला टॅग (फ्रेमवर लिहिलेला व्हीलॅनचा नंबर) समजतो का हे आधीच बघून घ्या. इंटरनेटवाल्याने दिलेले बहुतेक साधे राउटर लॅनच्या बाजूला हे ८०२.१क्यू टॅग ओळखतच नाहीत, तिथे स्विचवर कितीही डोकं लावलं तरी उपयोग नाही. मायक्रोटिक, ओपीएनसेन्स असला टॅग समजणारा राउटर लागतो, आणि त्यावर प्रत्येक व्हीलॅनचा वेगळा इंटरफेस हाताने बनवावा लागतो.

आता खरा गुन्हेगार, म्हणजे पीव्हीआयडी. वेब पेजवाल्या स्मार्ट स्विचमध्ये हे प्रकरण दोन वेगळ्या पानांवर असतं आणि लोक एकच पान भरतात. एका पानावर ठरतं की कुठल्या व्हीलॅनची फ्रेम कुठल्या पोर्टमधून बाहेर जाईल, आणि जाताना टॅग लावून (टॅग्ड) जाईल की काढून (अनटॅग्ड). दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टमध्ये बिनटॅगची फ्रेम आत आली तर ती कुठल्या व्हीलॅनची धरायची. कॅमेऱ्याला टॅग-बिग काही माहीत नसतं, तो साधी फ्रेमच पाठवणार. तुम्ही पोर्ट ४ ला व्हीलॅन ३० मध्ये अनटॅग्ड केलं पण पीव्हीआयडी १ च राहिला, तर ३० मधलं ट्रॅफिक कॅमेऱ्यापर्यंत येतं पण कॅमेऱ्याने पाठवलेलं सगळं व्हीलॅन १ मध्ये जातं. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. त्यात गंमत अशी की पोर्ट ४ अजून व्हीलॅन १ मध्येही अनटॅग्ड राहिला असेल तर कॅमेऱ्याला आयपी मिळतो, पण व्हीलॅन १ वाला मिळतो, आणि माणूस डीएचसीपी सर्व्हरवर संशय घेत बसतो. चुकीच्या रेंजचा आयपी दिसला की सरळ पीव्हीआयडीचं पान उघडा. साध्या उपकरणाच्या पोर्टला एकच व्हीलॅन अनटॅग्ड, तोच पीव्हीआयडी, आणि व्हीलॅन १ मधून तो पोर्ट बाहेर.

बदल केल्यावर केबल काढून परत लावा किंवा विंडोजवर आयपी रिलीज-रिन्यू करा, नाहीतर जुनाच आयपी दाखवत राहील आणि तुम्हाला वाटेल फरकच पडला नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट मात्र वेगळा. तिथे एपीच्या स्वतःच्या मॅनेजमेंटचा व्हीलॅन साधारणपणे अनटॅग्ड असतो आणि प्रत्येक एसएसआयडीचा (वायफायच्या नावाचा) व्हीलॅन टॅग्ड. एपी डॅशबोर्डवर हिरवा दिसतोय, स्टाफ वायफाय चालतंय आणि फक्त गेस्टला आयपी मिळत नाही, तर २० नंबर कुठेतरी टॅग्ड करायचा राहिलाय. एपीच्या पोर्टवर बघितलं की राउटरच्या पोर्टवरही बघा, कारण तिथेच राहून जातो जास्त वेळा. मध्ये दोन स्विच असतील तर त्यांना जोडणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना.

सिस्कोवर हीच भानगड जरा वेगळ्या रूपात येते. ट्रंकवर, म्हणजे एकाच केबलमधून बरेच व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टवर, आधीच १० आणि २० आहेत, तुम्हाला ३० वाढवायचा आहे आणि तुम्ही 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं टाइप केलं, की १० आणि २० उडालेच, आता फक्त ३० राहिला. मध्ये 'अ‍ॅड' शब्द हवा. दुसरं, ट्रंकवर नंबर दिला म्हणजे तो व्हीलॅन तयार झाला असं नाही. 'शो व्हीलॅन ब्रीफ' मध्ये तो दिसला पाहिजे. 'शो इंटरफेसेस ट्रंक' मध्ये दोन्ही बाजूंचा नेटिव्ह व्हीलॅनही (ट्रंकवर बिनटॅगची फ्रेम ज्यात धरतात तो) जुळवून घ्या. एकीकडे १ आणि दुसरीकडे ९९ असेल तर बिनटॅगची फ्रेम एका व्हीलॅनमधून निघून दुसऱ्यातच उतरते.

एवढं करूनही कळत नसेल तर मॅक टेबल, म्हणजे कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आणि कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसला त्याची यादी. माझ्या मते अर्धा तास सेटिंग बघत बसण्यापेक्षा हे एक पान बघावं, कारण सेटिंगमध्ये तुम्ही काय भरलं ते दिसतं आणि इथे प्रत्यक्ष काय घडतंय ते. सिस्कोवर 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल'. कॅमेऱ्याच्या स्टिकरवरचा मॅक शोधा आणि शेजारचा व्हीलॅन आणि पोर्ट वाचा. पोर्ट ४ समोर १ लिहिलंय? पीव्हीआयडी. पहिल्या स्विचवर ३० मध्ये दिसतो आणि दुसऱ्यावर दिसतच नाही? मधली ट्रंक. कुठेच नाही? मग बहुतेक केबल, पोर्ट किंवा पॉवर. काही स्वस्त स्विचमध्ये हे पान नसतं, तिथे पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्यावर) लावून वायरशार्क (फ्रेम उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा, फक्त विंडोजवर बरेच लॅन ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे टॅग दिसला नाही म्हणून तो नव्हताच असं धरू नका.

एक खोटा प्रॉब्लेम पण सांगून ठेवतो. व्हीलॅन १० मधून ३० मधल्या विंडोज पीसीला पिंग लागत नाही, गेटवेला मात्र लागतं. विंडोजचा फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून आलेलं पिंग सहसा अडवतो, स्विचला दोष नको. तसंच प्रिंटर किंवा टीव्ही मोबाइलवर आपोआप दिसायचा बंद झाला तर ते शोधणारं मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणारी हाक) व्हीलॅन ओलांडत नाही, राउटरवर ती हाक पुढे नेणारा एमडीएनएस रिपीटर लागेल.

हे सगळं करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नका. एक पोर्ट, समजा ८, मॅनेजमेंटच्या व्हीलॅनमध्ये तसाच ठेवा आणि लॅपटॉप त्यालाच लावून काम करा. लांबून सिस्कोवर काम असेल तर आधी 'रीलोड इन १०' मारा, लिंक तुटली तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर उठेल, सगळं ठीक झालं तर 'रीलोड कॅन्सल'. म्हणूनच टेस्ट होईपर्यंत सेव्ह करायचं नाही. आणि टेस्ट झाल्यावर विसरायचं नाही, बऱ्याच स्विचमध्ये अप्लाय वेगळं आणि सेव्ह कॉन्फिग वेगळं असतं, रात्री लाइट गेली की सकाळी कॅमेरे परत व्हीलॅन १ मध्ये.