गावचा ठराव संसदेत न्यायचा तर: अवकाळी पाऊस आणि बुडालेली हजेरी

"केंद्र सरकारने हवामान बदलाबाबत ठोस पावले उचलावीत" असा ठराव करू नका. असे ठराव पंचायत समितीत ढिगाने येतात, त्यांवर "पुढील कार्यवाहीसाठी सादर" असा शेरा पडतो आणि ते फायलीत जातात. तेवढ्यावरून खासदाराला प्रश्न विचारता येत नाही आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नाही. मी तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावची सरपंच आहे. माझं सांगणं एवढंच आहे: एका ठरावात एकच विषय ठेवा, मागणी दिल्लीच्या हातातली असू द्या आणि तिच्यामागे गावातला कागद लावा.

मागणी शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याकडे फळछाटणी झाली की बायकांच्या हाताला काम लागतं. फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढायची, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, पुढे काढणी, मग बेदाण्याच्या शेडवर निवडणी. नेमका फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की घड गळतात, कुजतात, डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. बागायतदाराचं नुकसान सगळ्यांना दिसतं, आणि ते खरंच मोठं असतं, औषधांची उधारी डोक्यावर असते. पण ज्या बागेत घडच राहिले नाहीत तिथे विरळणीला कोण बोलावणार? पंचनाम्याच्या तक्त्यात खातेदाराचं नाव येतं, गट नंबर येतो, क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी येते. त्याच रानात राबणाऱ्या बाईच्या बुडालेल्या हजेरीला त्यात रकाना नाही. हवामान आणि रोजगार हे दोन वेगळे विषय नाहीत, हे मला तिथे कळलं.

म्हणून पहिली पायरी महिला सभा. ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते, पण बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरते. ती खरी घ्या, संध्याकाळी घ्या, मजुरीवरून बायका परत आल्यावर. आमच्या सभेत टोळी चालवणाऱ्या एका मावशींनी वही आणली. पोराची शाळेतली जुनी वही, हाताने मारलेल्या उभ्या रेघा, डावीकडे बायकांची नावं, वर तारखा, हजेरीला बरोबरची खूण. पाऊस लागला त्या आठवड्यापासून खुणा विरळ होत गेलेल्या आणि पुढची पानं कोरी. कुठल्याही अहवालापेक्षा मला ती वही मोलाची वाटते. तिची झेरॉक्स काढा, मावशींची परवानगी घ्या, बायकांची नावं झाकायची असतील तर झाका. जोडीला महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचे त्या दिवसांचे आकडे, तलाठ्याकडून पंचनाम्याचा गोषवारा आणि रोजगार सेवकाकडून त्या काळात काम मागणाऱ्यांची नोंद घ्या. तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पाऊस कधी पडला, हजेरी कधी तुटली आणि काम कधी मागितलं, हे एका पानावर दिसलं की युक्तिवाद वेगळा करावा लागत नाही.

आता दिल्लीचं काय आणि मुंबईचं काय, ते वेगळं करा. दुष्काळ जाहीर करणं, टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याचं आवर्तन, तलाठ्याने पंचनामा वेळेत करणं हे राज्याचं. त्यासाठी आमदार आणि जिल्हाधिकारी. कोणत्या आपत्तीला देशपातळीवर आपत्ती मानायचं, मदतीचे निकष काय, पीकविम्याची चौकट, रोजगार हमीचा केंद्रीय कायदा हे केंद्राचं. कृष्णाकाठच्या पूरग्रस्त गावांसाठी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा प्रश्नही दोन राज्यांमधला असल्याने तिकडेच जातो.

आम्ही आपत्तींची यादी धरली. केंद्राच्या यादीत पूर, दुष्काळ, गारपीट, ढगफुटी आहे; अवेळी पाऊस त्या नावाने नाही. महाराष्ट्राने तो राज्याची आपत्ती म्हणून घेतलाय, पण अशा स्थानिक आपत्तींवर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा वर्षाला १० टक्क्यांपर्यंतच भाग खर्च करता येतो. ठरावाची भाषा अशी ठेवा:

"अवेळी पावसाचा समावेश केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत करावा, आणि पीक नुकसानीमुळे काम गेलेल्या शेतमजुरांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मदतीच्या निकषांत धरावी, अशी विनंती ही ग्रामसभा मा. खासदारांमार्फत केंद्र सरकारला करीत आहे."

बस, एवढंच. पवनचक्क्यांचा विषय मनात असेल तर त्याचा वेगळा ठराव करा. तो विषयही लाखमोलाचा आहे. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलंय, ढालगावच्या माळावर पाती फिरतायत, आणि आमच्या ओळखीतल्या पोरांना तिथे काम मिळालं ते बहुतेक राखणीचं. दुरुस्तीचं शिक्षण तालुक्यातच का मिळू नये? पण दोन्ही एका कागदावर आलं तर एकाचंही उत्तर मिळणार नाही.

दिल्लीत गावाचं कोण ऐकतं, असं म्हणणारा प्रत्येक सभेत एक तरी असतो. त्याला विसापूर सांगा. याच तालुक्यातलं गाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग तिथे केला. १९७२ साली राज्याने रोजगार हमी योजना आणली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने. आपल्या मातीतून निघालेली गोष्ट संसदेत कायदा झाली आहे, आणि मला याचा मनापासून अभिमान आहे.

ग्रामसभेत विषय ऐनवेळच्या विषयांत घुसवू नका, नोटिशीत छापून घ्या. नोटीस सात दिवस आधी. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो कमी असेल तो. सूचक आणि अनुमोदक यांत एक शेतमजूर बाई असू द्या. ठराव क्रमांक, इतिवृत्ताची साक्षांकित प्रत, जावक क्रमांक हे सगळं त्याच आठवड्यात करून घ्या; ग्रामसेवकांच्या मागे लागावं लागलं तरी लागा.

खासदार कोण, हे जिल्ह्यावरून ठरवू नका. सांगली जिल्ह्यातला वाळवा आणि शिराळ्याचा भाग हातकणंगले मतदारसंघात येतो, सातारा जिल्ह्यातलं फलटण आणि माण माढ्यात. चुकीच्या कार्यालयात दिलेला कागद तिथेच पडून राहतो.

वेळ महत्त्वाची. हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू होतं आणि प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून दिवाळीच्या आगेमागे कागद खासदारांच्या हातात पडला पाहिजे. मागच्या हंगामाची वही तोवर तयार असतेच. नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. प्रश्न तुम्हीच लिहून न्या, १५० शब्दांच्या आत. प्रश्नाऐवजी लोकसभेच्या नियम ३७७ खाली सभागृहात विषय मांडायचा असेल तर मर्यादा २५० शब्दांची. तोही मजकूर वेगळा लिहून द्या. खासदारांच्या कार्यालयातल्या माणसाला तयार मजकूर मिळाला की काम पुढे सरकतं. पोच घ्या, तारखेसह शिक्का घ्या.

प्रश्न चिठ्ठ्यांतून निवडले जातात, त्यामुळे एकाच खासदारावर थांबू नका. तालुक्यातल्या दहा-बारा गावांनी तोच ठराव आपापल्या वहीसह केला तर शेजारच्या मतदारसंघातही देता येतो. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्ह्याच्या दिशा समितीचे अध्यक्ष खासदारच असतात आणि त्यात काही सरपंचही सदस्य असतात. तुमच्या ओळखीचे कोण आहेत ते शोधा. लोकसभेकडे थेट याचिकाही करता येते. ती मराठीत लिहिली तर हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सहीसह जोडावा लागतो. सह्या करणाऱ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते हवेत, अंगठाही चालतो.

उत्तर लोकसभेच्या संकेतस्थळावर येतं. ते नीट वाचा. "हा राज्याचा विषय आहे" असं म्हटलं असेल तर ती ओळ अधोरेखित करून आमदारांकडे जा. "माहिती गोळा केली जात आहे" असं असेल तर निराश होऊ नका. संसदेत ते आश्वासन धरलं जातं, पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत असते आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि मुदत सरली की आधीच्या ठरावाचा क्रमांक संदर्भाला देऊन पुढचं पत्र पाठवा.