हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका

चूळ भरल्यावर बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं की बहुतेक जण टूथपेस्ट बदलतात, नाहीतर त्या बाजूला ब्रश लावणंच सोडून देतात. यातली पहिली चूक फक्त खिशाला बसते. दुसरी महागात पडते.

ब्रश लागून रक्त आलं, असं आपल्याला वाटतं. पण निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने सहसा रक्त येत नाही. ते येतं सुजलेल्या हिरडीतून, आणि हिरडी सुजते ती दाताच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे. तिथे ब्रश फिरवणं सोडलं की थर आणखी जाड होतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणंच बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

तेव्हा जिथे रक्त येतं तिथेच ब्रश जायला हवा, हलक्या हाताने पण रोज. मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत तिरका धरा आणि जागच्या जागी थोडा थोडा हलवा. सुरुवातीचे काही दिवस रक्त येत राहील, घाबरू नका. दोन आठवड्यांनीही कमी झालं नाही, तर बहुधा थर कडक होऊन त्याचं किटण झालेलं असतं. ते ब्रशने निघत नाही, खरवडून काढायचा प्रयत्न तर घरी मुळीच करू नये. ते डेंटिस्टकडूनच काढून घ्यायचं, त्यालाच स्केलिंग म्हणतात.

‘स्केलिंगने दात ढिले होतात’

हा गैरसमज फार चिवट आहे, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. स्केलिंगनंतर दातांत फटी दिसतात, काहींना दात हलल्यासारखा वाटतो, थंड पाणी झोंबतं. पण त्या फटी आधीपासूनच होत्या; किटणाने आणि सुजेने त्या बुजवल्या होत्या. सूज उतरली की हिरडी आपल्या जागी बसते आणि झाकलेलं उघडं पडतं. भोवतालचं हाड झिजलेले दात कधीकधी किटणाच्याच आधाराने एकमेकांना धरून असतात. तो आधार गेल्यावर त्यांचं हलणं कळतं, इतकंच. झोंबणं बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं.

जोर आणि जागा

जोरात घासलं म्हणजे स्वच्छ, असं नाही. ब्रश मुठीत आवळून आडवा रगडला की हिरडी खाली सरकते. पेनासारखा धरला की हात आपोआप हलका होतो. ब्रशचे केस महिन्याभरातच फाकत असतील, तर दोष ब्रशचा नाही. एरवी तीन-चार महिन्यांनी बदलला की पुरे.

खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आठवून घासा. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून किटण तिथे लवकर धरतं, आणि नेमकी तीच बाजू घाईत राहते. दोन दातांच्या मधे तर ब्रश पोचतच नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा लागतो, फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश. फ्लॉस झटक्याने खाली ओढू नका, हिरडी कापली जाते. दाताला वळसा घालून वर-खाली सरकवा.

माउथवॉश या सगळ्याची जागा घेत नाही. क्लोरहेक्सिडीनचा तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच वापरा. लांबवलात तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही बदलते.

रक्त येत नाही, म्हणजे सगळं ठीक?

सिगारेट ओढणाऱ्यांनी यावर विसंबू नये. धूम्रपानामुळे हिरड्यांतून रक्त येणं कमी दिसतं आणि आजार आत दडून राहतो. मधुमेह असेल तर साखर आणि हिरड्या दोन्हींकडे लक्ष हवं, एक बिघडलं की दुसरंही बिघडतं. रक्तदाबावरचं अॅम्लोडिपीन किंवा फिटसाठीचं फेनिटॉइन घेताना हिरड्या फुगल्या, तर गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

दात हलणं, हिरडीतून पू येणं, दातांत नवी फट पडणं, यात घरगुती उपायांवर दिवस घालवू नका. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. तपासणीत डेंटिस्ट बारीक खुणांच्या सळईने हिरडी आणि दातामधली खोली मोजतात. ती साधारण १ ते ३ मिलिमीटर असावी, ४ किंवा जास्त भरली तर लक्ष द्यायला हवं. कोणत्या दाताजवळ किती भरली ते विचारून लिहून ठेवा, पुढच्या वेळी ताडून पाहता येईल.