मित्रांसोबत चेनसॉ शिकताना: पहिल्या ओंडक्यापासून पहिल्या झाडापर्यंत

चेनसॉ चालवणं आणि झाड पाडणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि ती याच क्रमाने शिकायची असतात. आडव्या ओंडक्यावर सरळ काप घेता येत नसेल तर उभ्या झाडाजवळ जाऊ नये. मित्रांचा गट मिळून शिकत असेल तर अट एकच: गटात निदान एकजण रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि नियमित झाडं पाडणारा हवा. तसा कोणी नसेल तर शिकवणारा बाहेरून बोलवा. तो मिळेपर्यंत खाली दिलेलं फक्त ओंडक्यांपर्यंत करा.

मित्रांसोबत शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे झाडाकडे एकाच वेळी चार-पाचजणांचं लक्ष असतं. तोटा असा की मित्राला ‘थांब’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि सगळे बघत असताना ‘मला हे जमणार नाही’ म्हणणं त्याहून अवघड जातं. म्हणून नियम सॉ सुरू व्हायच्या आधी ठरवा. एका वेळी एकच सॉ चालू राहील. कुठे कापायचं हे सॉ ज्याच्या हातात आहे तो ठरवेल. काम थांबवण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला, आणि थांबवल्यावर कारण नंतर विचारायचं. कानावर संरक्षक असल्यामुळे हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा एक मोठी शिट्टी आणि एक खूण पक्की करा: दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले की इंजिन बंद. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवणं पूर्ण बंद, कारण दचकलेला माणूस सॉसकट वळतो. समोरून, त्याला दिसेल असं या आणि इंजिन थांबेपर्यंत लांब उभे राहा.

पाळी बदलायला सोपं माप म्हणजे एक टाकी पेट्रोल. टाकी संपली की सॉ दुसऱ्याकडे. थकलेल्या आणि कंपनाने बधिर झालेल्या हातांची पकड सैल होते, हे त्या माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. आदल्या रात्रीची ज्याची उतरली नसेल त्याने त्या दिवशी फांद्या ओढाव्यात.

अंगावर काय हवं

हेल्मेट, चेहऱ्यावर जाळी, कानाला संरक्षक, पुढे पोलाद असलेले बूट, हातमोजे आणि चेनसॉची खास पँट. पँटवर कंजुषी नको. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की धागे ओढले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि साखळी जाम होते. तिचा वर्ग साखळीच्या वेगावर ठरतो: वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर, वर्ग २ म्हणजे २४, वर्ग ३ म्हणजे २८. एकदा काप बसलेली पँट शिवून पुन्हा वापरू नये, कारण आतले धागे तुटलेले असतात. हातमोजे वेगवेगळ्या मापांचे लागतील, पँट आणि बूटही. ‘माझी पाळी आली की तुझं हेल्मेट देशील ना’ हेही चालत नाही, कारण फांद्या ओढणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच.

प्रथमोपचाराची पेटी गाडीत ठेवून उपयोग नाही. दाबपट्टी आणि टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) कापणाऱ्याच्या खिशात किंवा पट्ट्यावर, आणि तसाच दुसरा संच दुसऱ्या एकाकडे. ते कसं बांधायचं हे सगळ्यांनी आधी हातापायावर बांधून पाहिलेलं असावं. एकाकडे चार्ज केलेला फोन, त्यात त्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच लिहिलेले. रेंज येत नसेल तर ती कुठे येते हे काम सुरू करण्याआधी शोधून ठेवा.

सॉ

शिकायला ३५ ते ४० सेंमी बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती लांब पट्टी) मध्यम सॉ पुरे. पेट्रोलच्या सॉला दोन-स्ट्रोकचं मिश्रण लागतं, साधारण ५०:१. म्हणजे ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली दोन-स्ट्रोक ऑईल. उत्पादकाने वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. मिश्रण महिनाभरापेक्षा जुनं वापरू नका. साखळीचं ऑईल वेगळ्या टाकीत जातं. ते येतं का हे बघायला बारचं टोक एखाद्या फिक्या रंगाच्या खुंटापासून वीतभर लांब धरून थ्रॉटल द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल भरताना इंजिन थंड हवं आणि भरल्यावर निदान ३ मीटर लांब जाऊन सुरू करा.

साखळीचा ताण थंड असताना बघा. ती बारच्या खालच्या कडेला चिकटून हवी, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज फिरली पाहिजे. काम करताना ती तापून लोंबते आणि आपण ती आवळतो. काम संपल्यावर पुन्हा सैल करायची आठवण ठेवा, नाहीतर थंड होताना आकसून बार आणि शाफ्टवर ताण येतो.

सॉ सुरू करताना तो जमिनीवर, चेनब्रेक (साखळी अडवणारा ब्रेक) लावलेला, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, आणि उजव्या हाताने दोरी ओढायची. हवेत एका हाताने सॉ खाली सोडत दोरी ओढणारे खूप दिसतात. तो प्रकार आपल्या गटात पहिल्याच दिवशी बंद करा. बॅटरीच्या सॉचा धोका वेगळा आहे: थांबला की आवाजच नसतो आणि माणूस तो बंद आहे असं धरून साखळीला हात लावतो. आधी बॅटरी काढायची, मग हात.

पकड दोन्ही हातांची, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला. डावखुऱ्यांचीही हीच. शरीर बारच्या रेषेत नको, थोडं डावीकडे. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला की साखळी अडकून बार वर आणि मागे उसळतो. यालाच किकबॅक म्हणतात आणि तो माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असतो. सावध राहून तो टळत नाही. टोक कशालाही लागू न देणं, अंगठा नीट वळवणं आणि डोकं बारच्या रेषेबाहेर ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं. दोन पावलांपेक्षा जास्त चालायचं असेल किंवा एक हात सोडायचा असेल तर ब्रेक लावा.

बोथट साखळी हे अर्ध्या चुकांचं मूळ आहे. धार चांगली असेल तर लाकडाचे जाडसर छिलके उडतात. भुसा पिठासारखा पडू लागला, जोर लावावा लागला किंवा काप एका बाजूला वळू लागला की कानस हातात घ्या. कानशीची जाडी साखळीच्या पिचवर म्हणजे तिच्या कड्यांमधल्या सरासरी अंतरावर ठरते: .३२५ इंच पिचला ४.८ मिमी, ३/८ इंचाच्या बुटक्या साखळीला ४ मिमी. बहुतेक साखळ्यांना कोन ३० अंश चालतो. प्रत्येक दाताला सारखेच घास द्या, तीन किंवा चार, आणि ते फक्त पुढे ढकलतानाच. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप त्या बाजूला नव्हे, दात लांब राहिलेल्या बाजूला वळतो. दातापुढचा खोली ठरवणारा उंचवटा दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. तो जास्त घासला की साखळी हावरटासारखी चावते आणि किकबॅकची शक्यता वाढते.

आधी ओंडके

ओंडका घोडीवर घ्या किंवा खाली फळी घाला. साखळी मातीला एकदा लागली तरी धार जाते. ३ ते ५ सेंमी जाडीच्या चकत्या काढत राहा, दोन्ही कडा सारख्या जाडीच्या येईपर्यंत.

त्याचबरोबर ताण आणि दाब ओळखायला शिका, पुढे फांद्या छाटताना सगळं यावरच चालतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधे वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी दाबाच्या बाजूने म्हणजे वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हा क्रम चुकला की बार चिमटीत सापडतो किंवा लाकूड उभं फाटतं. बारच्या खालच्या कडेने कापताना सॉ माणसाला पुढे ओढतो, वरच्या कडेने कापताना मागे ढकलतो. दोन्ही हाताला ओळखीचं व्हायला हवं. उतारावर कापणारा नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभा राहतो.

खुंटावर खाच

आधीच पाडलेल्या झाडाचा मीटरभर उंच खुंट असेल तर सोनं समजा. पाडण्याचे सगळे काप त्यावर घेता येतात आणि डोक्यावर काहीच नसतं.

३० सेंमी व्यासाचं खोड धरू. ज्या दिशेला पाडायचं त्या बाजूला आधी खाच. वरचा तिरका काप आधी, मग खालचा. दोन्हींमधला कोन ७० अंशांच्या आसपास आणि खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ६ ते ७.५ सेंमी. दोन्ही काप एकाच रेषेवर तंतोतंत भेटले पाहिजेत. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर तिथे फट राहते, झाड पडताना ती आधी मिटते आणि झाड वळतं किंवा फाटतं. खाच ४५ अंशांची ठेवली तर झाड अर्ध्या वाटेवर असतानाच मिटते आणि लाकूड तिथेच तुटतं. मोठ्या कोनाच्या खाचेत झाड जवळजवळ जमिनीपर्यंत ताब्यात राहतं.

मग मागचा काप, खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीवर किंवा बोटभर वर, आडवा. तो पूर्ण पलीकडे न्यायचा नाही. मधे लाकडाची पट्टी राहते, तिला बिजागरी म्हणू या. जाडी व्यासाच्या दहावा हिस्सा म्हणजे ३ सेंमी, लांबी व्यासाच्या ८० टक्के म्हणजे २४ सेंमी, आणि दोन्ही टोकांना जाडी सारखी. झाड कुठे पडणार हे या पट्टीवर ठरतं. एक टोक पातळ झालं तर झाड जाड टोकाकडे ओढलं जातं. पट्टी पूर्ण कापली गेली तर झाडावर कोणाचाच ताबा उरत नाही.

काप झाल्यावर सगळ्यांनी टेप घेऊन खुंटापाशी जमा व्हा. खाचेची खोली, बिजागरीची दोन्ही टोकं आणि कापांची पातळी मोजा, आणि आकडे वहीत लिहा. ‘मस्त झालं रे’ या शेऱ्याला किंमत नाही. बिजागरी एका टोकाला ४ आणि दुसऱ्याला १ सेंमी आहे, हे मात्र कोणाला नाकारता येत नाही. ज्याच्या दोन्ही टोकांमधला फरक सलग पाच-सहा खुंटांवर अर्ध्या सेंमीच्या आत आला, त्याला झाड द्यावं.

पहिलं झाड

२० ते ३० सेंमी व्यासाचं, सरळ, निरोगी, मोकळ्यावरचं निवडा. वाळलेलं, पोकळ, वेली गुंतलेलं, तारांजवळचं किंवा स्पष्ट कललेलं झाड शिकण्यासाठी नाही. झाड कोणाचं आणि ते तोडायला परवानगी लागते का, हेही आधीच बघून घ्या.

उंची मोजायला हाताच्या लांबीएवढी काठी सरळ हातात उभी धरा आणि तिचं टोक शेंड्याशी, मूठ बुंध्याशी जुळेपर्यंत मागे जा. तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे त्याची अंदाजे उंची. कापणारा आणि शिकवणारा सोडून बाकी सगळे त्या अंतराच्या दुपटीबाहेर, चोहीकडे. व्हिडिओ काढणाराही त्यातच आला.

वर बघा: सुटलेल्या वाळक्या फांद्या, शेजारच्या झाडात अडकलेला शेंडा, वारा. वारा दिशा बदलत असेल तर त्या दिवशी फांद्या छाटा. पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरपे ४५ अंशांवर मागे जाणारे दोन रस्ते साफ करा आणि एकदा चालून पाहा. सरळ मागे जाऊ नका, बुंधा उसळून तिकडेच येऊ शकतो.

मागचा काप बारच्या मागे जागा होईल इतका आत गेला की लगेच पाचर ठोका. पाचर प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. पोलादी पाचरीला साखळी लागली तर दात तुटून उडतात. पाचरीने मागची कड २ सेंमी उचलली तर १२ मीटर उंच झाडाचा शेंडा मीटरभराहून जास्त पुढे सरकतो, म्हणून दोरीने ओढणाऱ्यांची रांग लावण्यापेक्षा पाचर बरी. झाड हलू लागलं की कापणं थांबवा, ब्रेक लावा आणि ठरलेल्या रस्त्याने बाजूला व्हा. नजर शेंड्यावर. झाड पडल्यावरही वर लटकलेलं काही खाली येईपर्यंत थांबा.

पुढे झुकलेल्या झाडाला साधा मागचा काप दिला तर बिजागरी तयार व्हायच्या आधीच खोड उभं चिरतं आणि मागचा भाग कापणाऱ्याच्या तोंडावर उसळतो. त्यासाठी बार खोडात खुपसून मागे पट्टी शिल्लक ठेवण्याची वेगळी पद्धत आहे. ती शिकवणाऱ्याच्या हाताखालीच शिकावी, वाचून नाही.

आणि झाड दुसऱ्या झाडात अडकलं तर? त्याच्याखाली जायचं नाही, वर चढायचं नाही, ज्यात अडकलं ते झाड कापायचं नाही, बुंध्याचे तुकडे करत खाली आणायचं नाही. लहान झाड असेल तर वळवण्याच्या आकड्याने खोड फिरवून सुटतं का हे शिकवणारा बघेल. नाही सुटलं तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर चोहीकडे फीत बांधा, एकजण बाहेर राखणीला ठेवा आणि विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असलेल्या माणसाला बोलवा.