मूल वाचताना अडखळतं तेव्हा या चुका टाळा

चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर वाचत होती. ‘सूर्य’चं तिनं ‘सूयर’ केलं, ‘गर्दी’चं ‘गदीर’. पोरं हसली आणि मीही म्हणून गेले, “अगं, नीट बघ ना!” ती नीटच बघत होती. रफार ‘दी’च्या डोक्यावर, उजवीकडे दिसतो, म्हणून तिनं तो शेवटी वाचला. लिहिताना वर चढलेला ‘र्’ बोलताना आधी येतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून पहिली चूक हीच: ‘लक्ष कुठाय’ म्हणून ओरडणं. त्याऐवजी मुलानं जे वाचलं ते जसंच्या तसं वहीत टिपा. चार-पाच दिवसांत अडलेली जागा सापडते. पहिली वेलांटी अशीच फसवते: ती अक्षराआधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर. जोडाक्षरातला ‘र’ तर ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘वाऱ्या’ अशी चार रूपं घेतो. चारही एकाच दिवशी फळ्यावर मांडू नका. ‘गर्’ आणि ‘दी’ वेगळं लिहा, बोटानं जोडून म्हणवून घ्या, मग पुढे जा.

बाराखडी पाठ झाली की वाचन आलं, हा समज फार जुना. ‘कु’वर बोट ठेवलं की मूल ‘क, का, कि, की’पासून सुरू करतं, कारण त्याला चाल पाठ आहे, चिन्ह ओळखता येत नाही. म, ल, न, स आणि काना एवढ्यावर मामा, लाल, मान, सामान हे शब्द होतात. पहिल्या आठवड्यापासून शब्दच वाचू द्या. घ-ध आणि भ-म मात्र एकाच दिवशी शिकवू नका.

‘पाणी’ वाचून ‘पानी’ किंवा ‘डोळा’ वाचून ‘डोया’ म्हणणारं मूल चुकलेलं नाही. शब्द त्यानं ओळखला, अर्थही कळला, फक्त घरच्या बोलीत उच्चारला. तिथं अडवलंत तर ते पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही.

धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचीही खात्री करा: चित्र झाका आणि मधल्याच ओळीतला एखादा शब्द विचारा.

पाचवीतल्या मुलाला नुसती अक्षरं गिरवायला बसवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. मुलांना कितपत वाचता येतं हे पाहणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाच्या चाचणीत अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घेतात. तसं करा, इयत्ता बाजूला ठेवून पायरीनुसार गट पाडा आणि रोज ठरलेला वेळ द्या. शिवाय त्याच्या वयाची चांगली गोष्ट रोज मोठ्यानं वाचून दाखवा, नाहीतर वाचन येईपर्यंत त्याचा शब्दसाठा मागे पडतो.

एवढं करूनही महिनोन्‌महिने गाडी हलत नसेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यातच मुळात असलेल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. ‘ढ’ हा शिक्का मात्र स्वतः मारू नका.

आणि मूल थांबलं की शब्द पुरवू नका. मनात पाचपर्यंत मोजा. त्या मुलीनं ‘गर्दी’ दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मी चारपर्यंतच पोचले होते.